पाटावर बसण्यापुरता गुडघा

दरवर्षी तिकडच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे जुलै-ऑगस्टात, मुलगा, सून आणि नात अबुधाबीहून सांगलीला येतात. गेल्या वर्षी आली नाहीत. मुलाचा फोन आला, "आई, ऑगस्टमध्ये रजाच मिळत नाहीये. ऑफिसमध्ये एक फार महत्त्वाचं काम आहे. तूच ये इकडे." ऑगस्टमध्ये अबुधाबीला कुणी शहाणं माणूस जात नाही. पण मी गणिताची निवृत्त शिक्षिका, हाताशी वेळच वेळ, आणि नात हां हां म्हणता मोठी होत चाललेली. व्हिजिट व्हिसा आला आणि मी गेले.

महत्त्वाचं काम कोणतं ते पोचल्यावर आठवडाभरात कळलं. त्याला ड्राफ्ट म्हणतात.

मुलगा एका कंत्राटदार कंपनीत आहे आणि त्याचे मोठे साहेब अमेरिकन. या साहेबांची एक फँटसी फुटबॉल लीग आहे. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकेतला, चेंडू काखेत मारून पळायचा. त्यातले खरे खेळाडू निवडून प्रत्येकाने आपापला खोटा संघ बांधायचा. खरा खेळाडू तिकडे खऱ्या मैदानावर पळाला की इकडे खोट्या मालकाला गुण मिळतात. मालकाने काहीही करायचं नसतं, फक्त काळजी करायची असते. माझ्या मुलाला त्या वर्षी पहिल्यांदाच लीगमध्ये घेतलं होतं. ऑफिसातल्या आपल्याकडच्या लोकांत हा मान मिळालेला तो पहिलाच. जो शेवटचा येईल त्याने कंपनीच्या वार्षिक समारंभात कोंबड्याचा पोशाख घालून सगळ्यांना जेवण वाढायचं, अशी अट होती. साहेबांच्या हातातलं प्रमोशन आणि कोंबडा, दोन्ही एकाच दोरीला बांधलेले.

ड्राफ्ट, म्हणजे ही खेळाडूंची निवड, साहेबांच्या व्हिलात होता, सहकुटुंब. सुनेने बटाटेवडे केले होते. टोपीतून चिठ्ठ्या काढल्या आणि निवडायचा पहिला मान माझ्या मुलाला मिळाला. त्याने एका रनिंग बॅकचं नाव घेतलं. रनिंग बॅक म्हणजे चेंडू घेऊन समोरच्या अकरा जणांच्या भिंतीत शिरणारा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. या मुलाची उंची, वजन, वय, पूर्वीची दुखणी, पुढे वाट मोकळी करून देणारे कोण, सगळी माहिती माझ्या मुलाने महिनाभर गोळा केली होती. त्याच्या बहिणीचं लग्न ठरवताना आम्ही इतकी चौकशी केली नव्हती, हे मी गाडीत बसल्यावर सुनेला म्हटलं. सून म्हणाली, "आई, माझ्या वेळी तरी कुठे केली होती?"

पुढच्याच आठवड्यात त्या रनिंग बॅकचा गुडघा गेला.

तोही प्रीसीझनमध्ये. म्हणजे हंगामाआधीचे सराव सामने, ज्यांचे गुण खऱ्या खेळात धरत नाहीत आणि खोट्या खेळातही धरत नाहीत. मुलाने सकाळी फोन पाहिला आणि डोकं धरून खालीच बसला. मला वाटलं, सांगलीहून कुणाचा तरी निरोप आला. "अरे, कोण गेलं?"

"आई, माझा फर्स्ट पिक गेला. नी इंजुरी. सगळी स्ट्रॅटेजी त्याच्यावर होती गं."

घरावर सुतकी कळा पसरली. लीगच्या ग्रुपवर सांत्वनाचे संदेश येऊ लागले. साहेबांनी स्वतः लिहिलं, "सॉरी हबीबी." मुलाने तो संदेश सगळ्यांना दाखवला. साहेबांनी त्याला पहिल्यांदाच हबीबी, म्हणजे जिवलग मित्रा, म्हटलं होतं, त्यामुळे दुःखातही त्याचा चेहरा जरा उजळला.

मग तज्ज्ञ सुरू झाले. अमेरिकेतले डॉक्टर, न-डॉक्टर, दाढीवाले, टोपीवाले, सगळे मोबाईलच्या पडद्यावर त्या एका गुडघ्याविषयी बोलत होते. एक म्हणाला लिगामेंट ताणलंय, दुसरा म्हणाला तुटलंय, तिसरा म्हणाला वाट पाहा. यातल्या एकाचं मत ऐकायला मुलाने पैसे भरले होते. "महिन्याला चाळीस दिरहम," सून म्हणाली, "म्हणजे हजारभर रुपये. आणि सांगतो काय, तर वाट पाहा."

संघाकडून रोज खबर येई. नात ती वाचून दाखवी. "आजी, ही इज डे टू डे." काही दिवसांनी, "आजी, नाऊ ही इज वीक टू वीक."

"म्हणजे कधी बरा होणार?"

"नोबडी नोज, आजी."

त्याच सुमारास माझ्या खोलीतला एसी बंद पडला होता. दुरुस्तीवाल्याला फोन केला की तो म्हणे, "कल आएगा मॅडम, इन्शाल्ला." परवा केला तरी कल. अमेरिकन संघाचा डॉक्टर आणि आमचा एसीवाला एकाच शाळेत शिकले असावेत. फरक एवढाच, की एसीवाल्याचं बोलणं ऐकायला कुणी पैसे भरत नव्हतं.

एका संध्याकाळी मुलगा तो पडतानाचा तुकडा पुन्हा लावून बसला होता. मी भाजी निवडत होते. सहज मान वर केली आणि हातातली गवार तशीच राहिली. चेंडू काखेत, समोर भिंत, हा डावीकडे हुलकावणी देऊन उजवीकडे वळतो, एक जण खालून त्याचा घोटा धरतो, पाय जमिनीत रुतलेला आणि वरचं अंग फिरलेलं. मी म्हटलं, "परत लाव." त्याने लावलं. "परत." नंतर मीच त्याच्या हातातून फोन घेतला.

"संपला रे हा," मी म्हणाले.

"आई, तुला काय माहीत?"

मला काय माहीत! मी सांगलीला कॉलेजात कबड्डी खेळत असे, हे माझ्या मुलाला माहीत होतं, पण आई पूर्वी सडपातळ होती हे मुलांना जसं माहीत असतं तसं. मी चढाई करणारी होते. समोर सात जणी, एकटीने जायचं, शिवायचं आणि दम सुटायच्या आत मध्यरेषेला परत यायचं. जिल्ह्याच्या संघात होते. राज्याच्या निवडीला बोलावणं आलं होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात सरावाचा सामना होता, आमच्याच आमच्यात, ज्याला काडीची किंमत नव्हती. मी डावीकडे हूल दिली, उजवीकडे वळले, आणि माझ्याच मैत्रिणीने खालून घोटा धरला. हुबेहूब हेच.

ती गोष्ट मी मुलाला त्या संध्याकाळी पहिल्यांदा सांगितली. गुडघा एवढा सुजला, की परकर वर घ्यायला लागला. वडिलांनी हाडवैद्याकडे नेलं, त्याने लेप लावून बांबूच्या कामट्या बांधल्या. घरात काका, आत्या, शेजारचे निवृत्त कंपाउंडर अशी बैठक बसली. त्या बैठकीत माझ्या गुडघ्याविषयी एकच प्रश्न विचारला गेला: पाटावर बसता येईल का? पोरीचं लग्न करायचं होतं. मांडी घालून तासन् तास होमासमोर बसायचं, तिथे नवरी पाय पसरून बसली तर काय म्हणतील लोक? ही कुठवर पळेल, हे कुणी विचारलं नाही. खेळाचं काय, असं मी विचारलं, तर काका म्हणाले, "ते संपलं आता. असा फिरलेला गुडघा परत येत नसतो." दिवाळीनंतर मला मांडी घालता आली. घरात पेढे वाटले. पुढच्या उन्हाळ्यात मी पाटावर बसले, चांगली दोन तास, आणि सगळ्यांनी गुडघा बरा झाल्याचं जाहीर केलं. मैदानावर मी पुन्हा पाय ठेवला नाही. संपलेल्या गुडघ्याने कशाला ठेवायचा?

मुलाने माझ्या हातातून फोन परत घेतला. मग म्हणाला, "म्हणजे तू शुअर आहेस?"

"या एका बाबतीत तरी आहे."

इतके तज्ज्ञ ऐकून तो थकला होता. प्रत्येक जण पण आणि परंतु लावत होता. आई एकटीच सरळ बोलत होती. लहानपणापासून या मुलाने माझं म्हणून एकही ऐकलं नव्हतं. विज्ञानाला जा म्हटलं तर कॉमर्सला गेला, पुण्याला राहा म्हटलं तर आखातात आला. त्या दिवशी मात्र ऐकलं. खरा हंगाम सुरू होण्याआधी त्याने तो रनिंग बॅक साहेबांना देऊन टाकला आणि बदल्यात दोन धडधाकट, सामान्य खेळाडू घेतले. साहेब म्हणाले, "यल्ला, डील." म्हणजे चला, ठरलं. घरी आला तो हसत. "आई, बॉसला गंडवलं आपण. मोडका माल गळ्यात मारला."

मलाही बरं वाटलं, नाही कशाला म्हणू. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट निदान कुणाच्या तरी उपयोगी पडली होती.

सप्टेंबरात खरे सामने सुरू झाले. रविवारी रात्रीची जेवणं उरकली, की आम्ही टीव्हीसमोर बसायचो. आमचे दोन सामान्य खेळाडू सामान्यच खेळत होते. साहेबांचा मोडका माल बाकावर बसलेला दिसे, गुडघ्याला पट्टा लावून. कॅमेरा त्याच्यावर गेला, की मुलगा माझ्याकडे पाहून अंगठा दाखवी. मीही दाखवत असे. पण आत कुठेतरी मला तो बाकावर बसलेलाच हवा होता. तो उठला असता, तर काकांचं म्हणणं खोटं ठरलं असतं. आणि काकांच्या त्या म्हणण्यावर मी सगळं आयुष्य रचलं होतं. निवडीला गेले नाही, ते गुडघ्यामुळे. खेळाची शिक्षिका न होता गणिताची झाले, ते गुडघ्यामुळे. कुणावर रागावले नाही, तेही गुडघ्यामुळेच. गुडघाच संपल्यावर रागवायचं कुणावर?

मग नात एका दुपारी म्हणाली, "आजी, ही इज क्वेश्चनेबल."

"हे आणि काय नवीन?"

"मे प्ले. मे नॉट प्ले."

एसी तोवर दुरुस्त झाला होता. म्हणजे कल कधीतरी येतो, हे मला कळायला हवं होतं.

त्या रविवारी तो मैदानात उतरला. मुलाचा चेहरा पडला. "दाखवायला उतरवलाय," मी म्हणाले, "पळायचा नाही." पहिल्यांदा चेंडू दिला, तेव्हा तो भिंतीत शिरला आणि तिथेच पडला. "बघ," मी म्हणाले. दुसऱ्यांदा दिला. तो डावीकडे गेला, आणि मी पाहिलं, त्याने तोच पाय जमिनीत रोवला. तोच. आणि वरचं अंग फिरवलं.

मी उभी राहिले होते. मांडीवरची ताटली खाली पडली, शेंगदाणे गालिचाभर झाले. माझा श्वास कोंडलेला होता. दम धरला होता मी, समोर सात जणी असल्यासारखा. तो उजवीकडे वळला, एक जण घोट्याशी झेपावला आणि हवेत हात मारून पडला, आणि हा सुटला. मागे वळूनही न बघता पळत राहिला, पांढऱ्या रेषा एकेक मागे टाकत, शेवटच्या रेषेपार. सून टाळ्या वाजवत होती. नात ओरडत होती, "आजी, ही इज बॅक!" मुलगा डोकं धरून बसला होता. कोंबड्याच्या पोशाखाचं माप द्यायला आता हरकत नव्हती.

मला आनंद झाला, खोटं का बोलू. तो पोरगा माझाच असल्यासारखा आनंद झाला. आणि त्याच वेळी तितकाच संतापही आला. रागवायला होतं कोण समोर? वडील गेले, काका गेले, तो हाडवैद्यही गेला. त्यांनी माझा गुडघा पाटावर बसण्यापुरता बरा केला आणि पेढे खाल्ले. ताणला होता की तुटला होता, हे पाहायचं कुणाला सुचलं नाही. मीही कधी एकदा अंगणात जाऊन, कुणी बघत नसताना, पळून पाहिलं नाही.

टीव्हीवर ते वळण पुन्हा दाखवत होते, सावकाश. गुडघा वाकतो, फिरतो आणि सरळ होतो. मी शेंगदाणे वेचायला खाली बसले. मांडी घालून. अजून बसता येतं मला, छान.

मुलाने मान वर केली. रागावला नव्हता, नुसता रडकुंडीला आला होता.

"आई, तू तर म्हणाली होतीस, तो संपला म्हणून."

"मला तसंच सांगितलं होतं रे," मी म्हणाले.