हेमावतीचा दाखला

येत्या मार्चात मी शाळेच्या कचेरीतून निवृत्त होतो. तीस वर्षांत हजारो दाखले लिहिले. त्यांतल्या एकाचा राग अजून उतरलेला नाही.

गुरुसिद्धप्पा कापडवाल्यांची हेमावती आमच्या हायस्कुलात तीन वर्षे एकटी मुलगी होती. नियम असा, की तिने माझ्या कचेरीत थांबायचे, मास्तर निघाले की त्यांच्या मागोमाग वर्गात जायचे, फळ्याशेजारी वेगळ्या खुर्चीवर बसायचे आणि त्यांच्याच मागून बाहेर पडायचे. मुले तिच्या वेणीवर खडूचे तुकडे मारीत, मास्तर फळ्याकडे तोंड करीत. तीन वर्षांत तिने वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. १९३० साली मॅट्रिक झाली ती गणितात शाळेत पहिली येऊन.

हेडमास्तरांना तिला पुण्याच्या मोठ्या कॉलेजात धाडायचे होते. आपल्या शाळेची मुलगी चारशे मुलांत बसते, हे त्यांना सभेत सांगायचे होते. हेमावती मात्र बायकांच्या कॉलेजसाठी दाखला मागायला आली.

"चुलीपुढचं कॉलेज ते!" हेडमास्तर कडाडले. "त्यासाठी मी सही करणार नाही."

गुरुसिद्धप्पा हात जोडून उभे होते. "हेमा, सर एवढं म्हणतात तर ऐक की."

"अप्पा, मोठ्या कॉलेजातही माझी खुर्ची फळ्याजवळच असणार. मला बायकांत बसायचंय, मधल्या बाकावर. चुकलं तर सगळ्यांदेखत चुकायचंय."

"लई बोलायला लागलीस!"

"तीन वर्षांचं साठलंय."

मी टाक हातात धरून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी अकराला ती एकटीच आली. कचेरीत थांबली नाही. मास्तर यायच्या आत मॅट्रिकच्या वर्गात शिरली आणि मधल्या बाकावर दोन मुलांच्या मध्ये बसली. बाकावरची मुले विंचू दिसल्यासारखी उडाली. मास्तर दारातच थबकले.

"ऊठ!"

"दाखला मिळाला की उठते."

हेडमास्तर धावत आले. "बाहेर ये, बोलू."

"सही करा, मग बोलू, सर."

पोरे खिडक्यांना लटकली, रस्त्यावरची माणसे फाटकाशी थांबली. दहा मिनिटांत सही झाली. वर्तणुकीच्या रकान्यात मी 'उत्तम' लिहिले होते. हेडमास्तरांनी ते खोडून स्वतःच्या हाताने 'उद्धट' लिहिले.

बातमी ऐकून धावत आलेले गुरुसिद्धप्पा माझ्याकडे वळले. "दुसरा करून द्या की, साहेब. पोरीच्या जन्माचं हाय."

कोरे फॉर्म माझ्या खणात होते. एक नवा लिहून हेडमास्तरांपुढे सहीला धरायचा, एवढेच काम. "नियमात बसत नाही," मी म्हणालो. असा कुठलाही नियम नव्हता.

हेमावतीने दाखल्याची घडी घातली.

"राहू द्या, अप्पा. तिथल्या बायका वाचतील, विचारतील काय केलंस म्हणून. मी सांगेन." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि काका, तुम्ही काय केलंत, तेही सांगेन."