उकड्याच्या वाफेत तीन बोर्डं

तुमसरच्या त्या राईस मिलमधली मोटर कोणी बटण न दाबता आपोआप सुरू झाली, तेव्हा मी सिहोऱ्याला एका लग्नात जेवत होतो, आणि तिची घरघर मला तिथे पंगतीत ऐकू आली. पटत नसेल तर सोडा, पण फोन नक्की आला. धान वर चढवणारा पट्टा आपल्या मनाने चालू लागला होता आणि हमाल जे पळाले, त्यातला एक म्हणे नाकाडोंगरीचं जंगल लागल्यावरच थांबला. कोणाला साधं खरचटलंही नाही, म्हणून आज हसत सांगतोय. त्या मोटरला हुकूम देणारं सर्किट बोर्ड माझ्या कारखान्यातलं होतं.

कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड आणि तीत एक म्हातारं वेव्ह सोल्डरिंग मशीन. त्यात वितळलेल्या कथलाची लाट उसळत असते. बोर्ड तिच्यावरून पोट टेकवत जातं आणि खालचे सगळे जोड एका दमात पक्के होतात. त्याआधी बोर्डाच्या पोटाला फ्लक्स मारावा लागतो. तांब्यावरचा मळ हे द्रावण खातं. ते नसेल तर कथील तांब्याला धरतच नाही.

आता फ्लक्स कोणता घ्यायचा? मी सगळ्यात जहाल घेतला, आम्लाचा, नंतर पाण्याने धुवायचा. कारण आमच्याकडे भांडं असो की बोर्ड, चकाकलं की चांगलं. जोड असे चकाकले की मिलच्या मुनीमजींनी त्यात पाहून भांग पाडला. धुतलंही होतं मी. पण मोटर चालू-बंद करणाऱ्या डबीखाली, म्हणजे रिलेखाली, थोडा फ्लक्स दडून बसला. त्या मिलमध्ये उकडा तांदूळ निघतो. दिवसभर धान वाफेवर असतं. वाफ लागली, दडलेला फ्लक्स ओलावला आणि विजेला चोरवाट मिळाली.

ऑर्डर मिळाली होती सासऱ्यांच्या शब्दावर. त्यांचं घराणं विणकरांचं, भंडाऱ्यात कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, लुगड्यांचं दुकान. ते आले, चहालाही हात लावला नाही.

“जवाईबापू, माह्या दुकानातलं लुगडं आपल्या मनानं उठून कोणाले गुंडाळलं, असं आजपावतो नाई झालं. आता दुसरं बोर्ड बिघडलं तं शेडले कुलूप लावा अन् गादीवर येऊन बसा.”

गादीवर! दिवसभर मांडी घालायची, हळू आवाजात बोलायचं, उलगडलेल्या लुगड्याची पुन्हा घडी घालायची. माझी जीभ आठवडाभरात वाळून सांडग्यासारखी झाली असती. बायको म्हणाली, “बाबा बोलले ते करतेतच.”

मग मी मिलच्या शेठना विनवलं आणि वाफेच्या टाक्यांवर तीन बोर्डं टांगली, तीन तऱ्हांच्या फ्लक्सची. मोटरच्या जागी प्रत्येकाला एक बल्ब. आपोआप पेटला की ते बोर्ड बाद. शेठ म्हणाले, दिवाळी तं लांब आहे अजून.

पहिल्याला तोच जहाल फ्लक्स. या वेळी गरम पाण्याने इतकं धुतलं की माझ्या हातावरच्या रेषा गेल्या. आता कोणी ज्योतिषी मला दारात उभा करत नाही. तरी बल्ब पेटला. धुण्याचं पाणीच रिलेत शिरलं होतं. दुसरा राळेचा. बल्ब शहाण्यासारखा विझलेला राहिला, पण राळेचा थर वाफेने चिकट झाला, त्यावर मिलचा कोंडा बसत गेला आणि बोर्डाचं भजं झालं. हुकूम दिला तरी बल्ब पेटेना.

तिसरा न धुता चालणारा. अंगात जोर कमी, पण मागे घाणही जवळजवळ ठेवत नाही. बल्ब सांगितल्यावर पेटला, सांगितल्यावर विझला. जोड मात्र निस्तेज, काही ठिकाणी तर कथलाने धरलंच नव्हतं. चूक माझी: पाहुण्याला तूप वाढावं तसा मी फ्लक्स ओतत होतो. हात आवरला, लाटेआधी बोर्ड नीट तापू दिलं, त्याची चाल कमी केली, तांबं काळं पडलेली जुनी बोर्डं बाजूला काढली. जोड धरले. चकाकी नाही आली. मुनीमजींनी आरसा विकत घ्यावा.

नवीन बोर्ड मोटरला जोडलं त्या दिवशी सासरे मोटरसमोर खुर्ची टाकून बसले, वाफेत, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मी मागे उभा. मोटर जरा खरखरली की माझं काळीज वैनगंगेत उडी मारून यायचं. शेठ बटण दाबत, ती चालायची. बंद केली की गप्प. आपल्या मनाने ती एकदाही हलली नाही. शेवटी मी सोडलेल्या श्वासाने कोंड्याचा ढीग जागचा हलला.

सासऱ्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं.

“खरं सांगू जवाईबापू? तुमच्याहून मीच जास्त भेलो होतो. तुम्ही गादीवर बसले असते तं गिराईकानं लुगडं काहून घेतलं असतं? तुमच्या गोष्टीच आयकत बसलं असतं.”

रागवायला हवं होतं मी. पण सुटलेला माणूस रागवेल कशाला? मी दोन चहा सांगितले, आणि सासऱ्यांनी सरकून मला अर्धी खुर्ची दिली.