कृष्णातनं आवळलेली फळी

कृष्णात माझा धाकटा भाऊ. सख्खा, पाठचा. उसाची ट्रॉली बांधावी तर त्येनंच, कागलपासनं हुपरीपर्यंत कुणालाबी इचारा. ट्रॉलीमागं ऊस वढायला पळणारी पोरं त्येची गाठ बघून जाग्यावर थांबायची. वीस वर्सांत त्येनं बांधलेल्यातलं एक कांडं रस्त्यावर पडलं न्हाय. अशा माणसाच्या हातनं एक जिन्नस मोडली, ह्येच्यावर माझा अजून इश्वास बसत न्हाय.

हंगाम सरला की कृष्णात कोल्हापुरात स्टँडाजवळ भाड्यानं जीप लावतो. मे महिन्यात एक दिवस वर्षाराणी नावाची पोरगी त्येला शोधत आली. तलावावर पोरास्नी पवायला शिकिवणारी. काखंत सहा फुटी पांढरी फळी, दोन्ही टोकाला निमुळती. स्टँडवरच्या गाडीवाल्यांनी तिला इचारलं, पावणं, दार काढून आणलंय, घर कुठं हाय? तिनं हसून सांगितलं की ह्येला सर्फबोर्ड म्हणत्यात, ह्येच्यावर उभं ऱ्हाऊन लाटंवरनं यायचं. उद्या सकाळी मालवणात स्पर्धा हुती. कोल्हापुरातनं ती एकटीच. तीन वर्सं पै-पै जोडून ही फळी घेतलेली, दुसरी न्हवती. फळी धड पोचली तर ती पाण्यात उतरणार, न्हायतर काठावर बसणार.

"कृष्णातदादा, तुमचंच नाव सांगितलं सगळ्यांनी," ती म्हणली. "जपून बांधा."

"माझं बांधलेलं सुटत न्हाय ताई," कृष्णात म्हणला. तेवढंच. आमच्यात जास्त बोलायची रीत न्हाय.

तिनं दोन मऊ पट्टं आणलं हुतं, टपावर फळी बांधायचंच. कृष्णातनं ते हातात धरलं, पाटलुणीच्या पट्ट्यागत हालवून बघितलं, अन् सीटखाली टाकलं. मग त्येनं आपला दोर काढला. घायपाताचा, मी सोता वळलेला. असला दोर आता आमच्या गावात माझ्याबिगर कुणाला वळता येत न्हाय. फळी टपावरच्या कॅरिअरवर ठेवली, दोराचं दोन वेढं दिलं, मधी दांडकं घातलं अन् पीळ देत देत आवळला. ट्रॉलीला आवळतो तसाच.

वर्षाराणीनं दोराखाली बोट घालून बघितलं. बोट जाईना. लई घट्ट झालंय म्हणली. कृष्णात म्हणला, ढिलं सोडलं तर फोंड्याच्या घाटात वाऱ्यानं उडून दरीत जाईल, मग काय करशीला? ती बोट काढून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

राधानगरी मागं पडली अन् वळीव असा कोसळला की समोरचा रस्ता दिसंना. कृष्णातनं दोनदा गाडी थांबिवली, पावसात उतरला, फळी धरून हालवून बघितली. पहिल्यांदा जराशी हालली. दुसऱ्यांदा तेवढीबी न्हाय. भिजून आत आला तवा गडी खुशीत हुता. बघा ताई, म्हणला, जितकं पुढं जातोय तितकं घट्ट हुतंय. तीबी हसली. घाटभर त्येनं तिला ट्रॉलीच्या गोष्टी सांगितल्या.

ऊन कलायच्या सुमाराला दोघं मालवणात पोचली. कृष्णात टपावर चढला अन् गाठीला हात घातला. गाठ सुटंना. दांडकं फिरंना. दोर फुगून लाकडागत झालता. शेवटी त्येनं गाडीतला कोयता काढला अन् दोर कापला. दोर ताडकन् दोन्हीकडं उडाला.

जिथं दोर हुता तिथं फळीला बोटभर खोल खड्डा पडलता. अन् त्या खड्ड्यातनं एक चीर ह्या कडंपासनं त्या कडंपत्तोर गेलती. कृष्णातनं अंगठ्यानं हळू दाबलं. आतनं पाणी आलं. वरनं दगडागत दिसणारी फळी आतनं थर्माकोलागत हुती, वर नुस्ता फायबरचा पापुद्रा.

कृष्णात टपावरच बसला. सुटलं न्हवतं. पडलं न्हवतं. बांधलेल्या जाग्यावर, बांधलेल्या गाठीखाली मोडलं हुतं. गोठ्यातलं दावं भिजलं की आखडतं अन् म्हशीच्या गळ्याला आवळतं, ह्ये आमच्या घरात शेंबड्या पोरालाबी म्हाईत. पण ट्रॉली बांधायची थंडीत, अन् जीपमधी नुस्ती माणसं. पावसात ओझं बांधायचा पर्संग त्येच्यावर उभ्या जल्मात आलाच न्हवता. अन् दोनदा उतरून त्येनं सोताच्या हातानं बघितलं हुतं, घट्ट हुतंय म्हणून खूश झालता. त्यो आपल्या हाताकडं बघत बसला, दुसऱ्या कुणाचं हात असल्यागत.

वर्षाराणी रडली न्हाय, वरडली न्हाय. तिनं एकच इचारलं.

"माझं पट्टं कुठं हायत?"

त्येनं सीटखालनं काढून दिलं. घडीबी मोडली न्हवती.

ती फळी मांडीवर घिऊन वाळूत बसली. कृष्णात म्हणला, गॅरेजवाला गाठतो, फायबर भरून आणतो. ती म्हणली, आत पाणी शिरलंय, वाळायलाच धा दिवस जातील. तिनं जेवायला बोलावलं तर त्यो गेला न्हाय. गाडीतच पडून ऱ्हायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाराणी गाडीपाशी आली. काखंत पिवळी, जुनी, तिच्या फळीपेक्षा हातभर लांब फळी. तिला शिकिवणाऱ्या उस्तादाची, मागून आणलेली. लाटा न्हाईत म्हणून स्पर्धा पल्याडच्या किनाऱ्याला न्हेली हुती, दोन कोसावर. तिनं पट्टं कृष्णातपुढं धरलं.

"माझ्या हातानं नगं," कृष्णात म्हणला.

"मग कुणाच्या? मला गाठ मारता येत न्हाय. आणि दादा, मोडलं ते मोडलं, पण घाटातनं उडून तर गेली न्हाय न्हवं."

त्येनं आपली वाकळ घडी करून कॅरिअरवर टाकली, वर फळी ठेवली, पट्टा वढला. जरा वढायचा, थांबायचा, खाली बोट घालून बघायचा. बोट सहज जाऊन अडकलं तिथं थांबला अन् तिच्याकडं बघितलं. तिनं मान हालिवली. दोन कोस त्यो बैलगाडीच्या चालीनं गेला. पोचल्यावर त्येनं फळीवरनं तळहात फिरिवला, ह्या टोकापासनं त्या टोकापत्तोर, अन् मगच तिच्या हातात दिली. ती पळत पाण्यात गेली. परक्या फळीवरनं दोनदा पडली, तिसऱ्यांदा उभी ऱ्हायली.

तितनंच त्येनं मला फोन केला. सगळं सांगितलं, काय लपिवलं न्हाय. माझ्या हातातला चहा तसाच गार झाला. शेवटाला म्हणला, "आण्णा, तुझा दोर कापला मी. दुसरा वळून ठेव. पण उसालाच."