शनिवारपर्यंत टिका, साहेब

माझ्या वडिलांचे विनोद मी अकरा वर्षं पोचवले. हसले एकदाही नाही. दर बुधवारी दुपारी बाराच्या आत रेडिओ केंद्राच्या फाटकावरच्या पत्र्याच्या पेटीत पाकीट टाकायचं आणि धापा टाकत दातांच्या दवाखान्यात परत येऊन सुजलेल्या गालांना वेळ वाटून द्यायची, यात हसण्यासारखं काही नसतं. दवाखाना केंद्रापासून दोन गल्ल्यांवर, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. एकदा गळ्यात पडलेलं काम आमच्या घरात कुणी उतरवून घेत नाही.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी, अर्ध्या तासाचा. आठवड्याच्या बातम्यांवर चुटके आणि छोटी नाटुकली. लोक पाठवतात, केंद्रातले एक साहेब निवडतात. त्यांना घरात आम्ही 'निवडणारे' म्हणायचो. बाबांच्या पाकिटात दहा विनोद असले की निवडणाऱ्यांना दहाही खडेच लागायचे. 'आपले लेखन मिळाले. निवड झाली नाही. पुन्हा लिहा,' अशी छापील चिठ्ठी यायची. बाबा त्यातलं 'पुन्हा लिहा' तेवढं वाचायचे.

बातमीवरचा विनोद दुधासारखा, दोन दिवसांत नासतो. म्हणून बाबा दोन्ही बाजूंनी लिहून ठेवायचे. मंत्री राजीनामा देतील तर हा, खुर्चीला चिकटून बसतील तर तो. टेबलावर दोन ढीग. आई म्हणायची, "एवढी तयारी माझ्या बाळंतपणाला केली नव्हती यांनी."

मंत्री म्हणजे पाणीपुरवठा मंत्री. बाबा त्याच खात्यात तक्रारींच्या खिडकीवर एकतीस वर्षं होते. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि घरी येऊन आपल्याच मंत्र्यांची खोड काढायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. मंत्री रेडिओवर बोलायला लागले की घरात कुणी भांडंसुद्धा वाजवायचं नाही. ते कुठे खोकतात, गुळमुळीत काहीतरी सांगायच्या आधी 'मी स्पष्ट सांगतो' कसं म्हणतात, सगळं बाबांना पाठ. मला चष्मा लागला हे मात्र त्यांना दोन महिन्यांनी कळलं.

नोकरीत असताना स्वतःचं नाव देणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. म्हणून 'कोरडा नळ' हे टोपणनाव. अकरा वर्षांत चौदा चुटके लागले, सगळे एकेका ओळीचे, सगळे कोरड्या नळाच्या नावावर. सोमवारी कचेरीतला शिपाई बाबांनाच विचारायचा, "कोण असेल हो हा?" बाबा म्हणायचे, "असेल कुणीतरी रिकामटेकडा."

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाकिटावर स्वतःचं नाव घातलं, आडनावासकट. त्यांना एवढंच हवं होतं. ते नाव एकदा रेडिओवरून यावं, आणि शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांनी ऐकावं. सात महिने नुसत्या चिठ्ठ्या आल्या. 'बाबा, आता पुरे करा,' हे कितीदा तरी माझ्या ओठांवर आलं. मी गिळलं, आणि बुधवारी पुन्हा पाकीट घेऊन निघाले.

मग त्या गुरुवारी सकाळी फोन वाजला. खुद्द निवडणारे. नाटुकलं घेतलं होतं, पूर्ण सहा मिनिटांचं. मंत्री नळाचं उद्घाटन करतात, नळ सोडतात, पाणी येत नाही, तर मंत्री म्हणतात, "लाजतंय. इतकी माणसं कधी बघितली नाहीत त्यानं." शुक्रवारी दुपारी ध्वनिमुद्रण, शनिवारी प्रसारण, शेवटी लेखकाचं नाव. बाबांनी फोन ठेवला आणि आईला म्हणाले, "नाव नीट वाचतील ना गं?" आईने पदर डोळ्यांना लावला. मी दवाखान्यात गेले, आणि खरं सांगते, त्या दिवशी सगळ्या रुग्णांशी गोड बोलले.

दुपारच्या बातम्यांत आलं, पाणीपुरवठा मंत्री छातीत दुखतं म्हणून रुग्णालयात. पाठोपाठ निवडणाऱ्यांचा फोन. "उद्या सकाळपर्यंत बरे झाले तर करू. आजारी माणसाची थट्टा नाही चालायची."

आमचं घर त्या दिवसापुरतं मंत्र्यांचं सासर झालं. दर तासाला बातम्या. संध्याकाळी 'प्रकृती स्थिर' म्हणाले तेव्हा आईने हात जोडले. "देवा, त्यांना शनिवारपर्यंत सुखरूप ठेव."

"आणि शनिवारनंतर?" मी विचारलं.

"नंतरचं त्यांच्या बायकोनं बघावं."

बाबा हसले नाहीत. त्यांना लाज वाटत होती, आणि मलाही. एका माणसाचा जीव टांगणीला लागलेला, आणि आम्ही सहा मिनिटांच्या नाटुकल्याचा हिशेब करत बसलो होतो. तरी रेडिओ कुणी बंद केला नाही.

शुक्रवारी सकाळी सातच्या बातम्यांत पहिलंच वाक्य ते आलं. मंत्री गेले.

आई म्हणाली, "आणखी दीड दिवस..." आणि तिने जीभ चावली. बाबा रेडिओकडे बघत होते. मला वाटलं, नाव गेल्याचं दुःख आहे. पण ते म्हणाले, "आता तो आवाज नाही यायचा." आणि रडले. माझे आजोबा गेले तेव्हासुद्धा ते रडले नव्हते.

नऊ वाजता पुन्हा फोन. शनिवारच्या वेळेत आता श्रद्धांजली होती. निवडणारे म्हणाले, "तुम्ही त्यांच्याच खात्यातले. एक पान लिहा. तुमचं नाव सांगू आधी. दुपारपर्यंत पाठवा." बाबा 'बघतो' म्हणाले आणि टेबलाशी बसले. मी दवाखान्यात उशीर होईल म्हणून कळवलं आणि दारात चपला घालून उभी राहिले. साडेअकराला त्यांनी पान हातात दिलं. मी ते चालता चालता वाचलं.

त्यात बाबांनी लिहिलं होतं, "साहेब नवे मंत्री झाले तेव्हा एकदा तक्रारींच्या खिडकीवर स्वतः आले होते. रांगेत उभे राहिले. चेहरा अजून कुणाला माहीत नव्हता. मी मान वर न करता विचारलं, किती दिवस पाणी नाही? म्हणाले, दोन. मी म्हटलं, दोन दिवसांना तक्रार म्हणत नाहीत, आठ झाले की या. ते निघून गेले. आठव्या दिवशी पुन्हा रांगेत उभे राहिले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, 'झाले.' तेव्हा मी मान वर केली. त्यांनी माझी तक्रार कधीच केली नाही. मी मात्र त्यांची जन्मभर करत राहिलो."

मी भर रस्त्यात थांबले. हे बाबांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मला हसू आलं, आणि मी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

केंद्रात निवडणारे माझ्यासमोरच वाचायला लागले. 'आठ झाले की या' पर्यंत गंभीर होते. मग खांदे हलायला लागले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे पुसले, आणि मग चष्मा घालून ते एकदम साहेब झाले.

"नाही हो चालणार. लोक हसतील."

"बाबा विनोदच लिहितात," मी म्हटलं.

"तेच तर. उद्या त्यांच्या घरचे ऐकत असणार. दुसरं लिहा म्हणावं. कर्तव्यदक्ष, लोकाभिमुख, असं काहीतरी. तीनपर्यंत आलं तर नाव नक्की."

मला त्यांच्या तोंडावर काहीतरी बोलायचं होतं. अकरा वर्षं हसू येत नाही म्हणून परत पाठवलं, आणि आज हसू येतं म्हणून! पण मी इतकी दमले होते की नुसतं पान उचललं. घरी आले तेव्हा पाऊण वाजला होता.

बाबा उभेच होते. "काय म्हणाले?"

मी सगळं सांगितलं. तीनपर्यंत दुसरं लिहून दिलं तर नाव नक्की, हेही सांगितलं. आईने घड्याळाकडे पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही.

"म्हणजे वाचून हसले?"

"हसले."

"कुठल्या वाक्याला?"

"'आठ झाले की या'ला. चष्मा काढावा लागला त्यांना."

बाबा खुर्चीत बसले. पेनाचं टोपण लावलं आणि ते खिशाला अडकवलं.

"कसे हसले?" ते म्हणाले. "करून दाखव."

मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसले. पान धरलं, खांदे हलवले, चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि जमेल तसं हसून दाखवलं.