डावीकडं घेतलेली गाडी

देवासहून आलेल्या माणसानं उंबऱ्यातूनच सांगितलं, "दौलतराव गेले." मी बादलीला बूड लावत होतो. ते पुरं केलं आणि मग उठलो... दुसरं काय करणार. त्याला महिना होत आला. बायको आधीच गेली, आता तिचा भाऊ. मला 'दाजी' म्हणणारं कुणी उरलं नाही.

दौलत दरबारच्या मोटरखान्यात ड्रायव्हर होता. पण गाडी सामानाची. सरकारस्वारी पुढं, हा मागं. मांडूपर्यंतची सगळी धूळ ह्याच्या तोंडात. मागून सरदार-मानकऱ्यांची मोटर आली, भोंगा वाजला, की गाडी डावीकडं घ्यायची आणि मुजरा करायचा. तीच शिस्त. संस्थान गेलं, मोटरखाना मोडला आणि हा इथं धारला माझ्या छपरात शर्यतीची मोटर बांधायला बसला. एकट्यानं बसायची, टप नाही, मडगार्ड नाही, चारी चाकं उघडी. इंजिन मोडक्या फटफटीचं. पत्रा मी ठोकला, गादी हिनं जुन्या लुगड्याची शिवली. ही विचारायची, "दौलत, एवढ्याशा डब्यात बसून जाणार कुठं रे?"

"पुढं, अक्का. एकदा तरी कुणाच्या पुढं."

लढाईतल्या ओसाड विमानपट्टीवर हौशी लोकांची शर्यत ठरली. आमचा दौलत पहिल्या फेरीपासून पुढं. ही पदर तोंडात धरून उभी. शेवटची फेरी आली... मागं एका सरदाराचा मुलगा होता, त्यानं मौजेखातर गाडीला भोंगा लावलेला. तो त्यानं वाजवला. आणि आमच्या गाढवानं गाडी डावीकडं घेतली, वेग तोडला, स्टेअरिंगवरचा हात काढून मुजरा केला! तो पोरगा गेला, त्याच्यामागं आणखी दोघं गेले. लोक पोट धरून हसले. कुणी ओरडलं, "क्यों भिया, दौड़ने आए थे कि सलाम ठोकने?"

गाडीतून उतरला तो पांढराफटक. म्हणाला, "दाजी, मला कळलंच नाही... हात आपला गेला." हिनं त्याच्या तोंडावरची धूळ तेवढी पदरानं पुसली.

मग देवासला जाऊन मरेतोवर त्यानं दुसऱ्याची लॉरी हाकली. शर्यतीचं नाव काढलं नाही. मी एकदा काढलं, तर जेवणावरून उठून गेला.

त्याला नेताना मी खांदा दिला होता. वाटेत मागून ट्रकनं भोंगा वाजवला. आम्ही चौघं तिरडी घेऊन डावीकडं झालो... मीही झालो. ट्रक धूळ उडवत गेला.

गाडी अजून माझ्या छपरात आहे. तोंड भिंतीकडं, टायर बसलेले. गादीवर कोंबडी अंडी घालते, लुगड्याचा काठ अजून दिसतो. लोक म्हणतात, भंगारात घाल. घालत नाही. चालवणारही नाही, मला येतच नाही. आणि चालवता आली असती, तरी मागून कुणी वाजवल्यावर मी तरी कुठं पुढं राहणार होतो.