बारीक सुई, हट्टी चेहरे

दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. केसांसारखे ते आपोआप गळत राहतात. आज झाडून काढले तरी उद्या सकाळी पुन्हा आहेतच! मी राजाजीनगरमध्ये त्वचेची डॉक्टर आहे. मूळची नागपूरची, नवऱ्याच्या नोकरीपायी बंगळूरला आले आणि इथलीच झाले. चेहऱ्याला ऑपरेशनशिवाय, नुसत्या सुयांनी तरतरी आणायची, हे माझं अर्ध्या दिवसाचं काम. उरलेला अर्धा दिवस लोकांना 'नाही' म्हणण्यात जातो.

सोबतीला आमची नर्स शैलजाअक्का. तिचं घराणं मराठी, पण इतक्या पिढ्या बंगळुरात की मूळ गाव कुणालाच आठवत नाही. पेशंट ओरडला की म्हणते, "स्वल्प धीर धरा. झालंच!"

*

होसकोट्याच्या कारखान्यातले एक सुपरवायझर आले होते, जाधव म्हणून. मूळचे सांगलीकडचे.

"डॉक्टर, गाल बसलेत. बोटॉक्स मारा आणि भरून काढा."

"बोटॉक्सने गाल भरत नाहीत हो. त्याला फिलर लागतं."

"तेच ते. इंजेक्शनच ना?"

दोनदा समजावलं. डोक्यात शिरेना. शेवटी विचारलं, "होसकोट्याहून कसे आलात?"

"बाइकने. कंबरडं मोडलं!"

"मग ऐका. रस्त्यातला खड्डा भरतात, तसं फिलर. जेलीसारखं औषध असतं, जागा बसली असेल तिथे ते भरायचं. आणि गाड्या सारख्या धावून रस्त्याला चर पडतात, म्हणून काही दिवस ट्रॅफिकच बंद ठेवायची, ते बोटॉक्स. स्नायू सैल पडला की कपाळावर घडी पडत नाही. पण खड्डा काही त्याने बुजत नाही."

जाधव गंभीर झाले. "आणि हे टिकतं किती?"

"बोटॉक्स तीन-चार महिने. फिलर जास्त टिकतं, कधी वर्षभरही. पण कायमचं कुठलंच नाही."

"म्हणजे पुढच्या पावसाळ्यात परत जैसे थे! अहो, मग तुम्ही डॉक्टर कसल्या, तुम्ही तर कॉन्ट्रॅक्टर!"

*

अश्विनी पुण्याची. इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. दोन भुवयांच्या मधे खोल उभी आठी. मीटिंगमध्ये ती नुसती ऐकत असली तरी टीमला वाटायचं, बाई भडकलीय. एका नव्या मुलीने तर तिच्यासमोर प्रेझेंटेशन द्यायला नको म्हणून सुट्टी टाकली. ते अश्विनीच्या मनाला लागलं.

"मला सुंदर-बिंदर नाही व्हायचं डॉक्टर. मला फक्त रागीट दिसायचं नाही."

इतकं स्वच्छ मागणं क्वचित येतं. आठीच्या स्नायूत थोडं बोटॉक्स दिलं. पंधरा दिवसांत कपाळ शांत. नवी मुलगी आपणहून केबिनमध्ये येऊन गप्पा मारून गेली म्हणे. अश्विनीने मला पेढे पाठवले.

महिन्याभराने फोन.

"डॉक्टर, प्रॉब्लेम झालाय. आता कोणी डेडलाइनच पाळत नाही! मी ओरडते, तर म्हणतात, मॅम, जोक करताय ना?"

"मग काय करू या?"

"थोडी आठी परत मिळेल का? फक्त सोमवारपुरती!"

*

देवनहळ्ळीहून दोघी मायलेकी आल्या. मुलगी कॉलेजात. तिने मोबाइलवर एक फोटो पुढे केला. टोकदार हनुवटी, फुगीर ओठ, बशीएवढाले डोळे.

"मला असं दिसायचंय."

"कोण ही?"

"मीच! फिल्टर लावून."

मी तिला आरशासमोर बसवलं आणि म्हटलं, "तुझ्या चेहऱ्यात सुईला करण्यासारखं काही नाही. सनस्क्रीन लाव, झोप नीट घे. तू कितीही वेळा आलीस तरी माझं उत्तर हेच राहील."

पोरगी हिरमुसली. आई मात्र खूश. "सांगा तिला नीट! आमच्या घरात असलं चालत नाही. देवाने दिलंय तसं राहावं. पुढच्या वर्षी परीक्षा आहे, आणि हिला ओठ हवेत!" बराच वेळ हे चाललं. मुलगी पाय आपटत बाहेर निघून गेली.

आईने दार लावून घेतलं, कडी लागल्याची खात्री केली आणि परत येऊन खुर्चीत बसली.

"गेली ती. आता माझं बघा."

*

बोटॉक्स घेतल्यावर काही तास आडवं व्हायचं नाही, फार वाकायचं नाही, चेहरा चोळायचा नाही, असं आम्ही बजावून सांगतो. औषध भलत्या स्नायूत जायला नको म्हणून.

एका संध्याकाळी नुकतंच बोटॉक्स घेऊन गेलेल्या एका पेशंटचा फोन आला. आवाज अगदी दबलेला.

"डॉक्टर, सासूबाई अचानक आल्यात. वाकून नमस्कार केला तर चालेल का?"

"आज नको. लांबूनच हात जोडा."



"हे मला लिहून पाठवता का? लेटरहेडवर?"

*

सगळेच किस्से हसायचे नसतात.

प्राजक्ता मुंबईची, आयटीतली. विमानतळाच्या बाजूला नवीन वसाहतीत राहते. एका दुपारी तिचा फोन आला. "डॉक्टर, एका पार्लरवाल्या बाईंच्या घरी ओठात फिलर घेतलं. जरा जास्तच दुखतंय. उद्या येऊ का?"

"ओठाचा रंग कसा आहे?"

"पांढरा पडलाय. आणि वर नाकापर्यंत निळसर जाळी दिसतेय. त्या म्हणाल्या, बर्फ लावा, जाईल."

फिलर रक्तवाहिनीत शिरलं की रक्त अडतं. रक्त अडलं की वरची कातडी मरायला लागते. क्वचित डोळ्यावरही बेततं. इथे प्रत्येक मिनिटाला किंमत असते.

"बर्फ काढा. कोमट कपडा ठेवा. आणि आत्ता निघा. उद्या नाही, आत्ता!"

मी तिच्या जवळच्या हॉस्पिटलांना फोन लावले. फिलर विरघळवणारं औषध त्या घटकेला कुठेच तयार नव्हतं. आमच्याकडे होतं. प्राजक्ताची कॅब हेब्बाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. शैलजाअक्काने फोन स्पीकरवर घ्यायला लावला आणि ड्रायव्हरशी कन्नडमध्ये बोलली. चढ्या आवाजात नाही, घरच्या माणसाशी बोलावं तशी. "अण्णा, आमच्या पोरीचा चेहरा तुमच्या हातात आहे," एवढंच मला कळलं. ड्रायव्हरने "सरी अक्का", म्हणजे 'बरं ताई', म्हटलं आणि कुठल्या गल्ल्यांतून गाडी काढली कोण जाणे.

प्राजक्ता आली ती पार्लरवाल्या बाईंनाही कॅबमध्ये घालून, त्यांचा हात धरून. फिलरचा शनिवार-रविवारचा कोर्स केला होता त्यांनी. मी औषध दिलं. ओठ दाबून पाहिला, रंग परतेना. पुन्हा दिलं. पुन्हा दाबला. मला एकच माहीत होतं, तो ओठ गुलाबी झाल्याशिवाय आज मी घरी जाणार नाही.

अंधार पडता पडता कडेला जरासा रंग चढला. मग मधे. शैलजाअक्काने डोळे पुसले आणि लगेच ट्रे आवरायला घेतला.

पार्लरवाल्या बाईंनी हळूच विचारलं, "मॅडम, हे विरघळवायचं औषध मला कुठे मिळेल?"

मी तोंड उघडायच्या आत प्राजक्ता उठून बसली. ओठ सुजलेला, शब्द बोबडे. पण हुकूम स्पष्ट होता.

"पर्स उघडा. उरलेल्या सिरिंजा इथे ठेवा. सगळ्या!"

बाईंनी एकेक काढून ट्रेमध्ये ठेवली. शैलजाअक्काने त्या उचलल्या, सुया टाकायच्या डब्यात टाकल्या आणि झाकण दाबून बंद केलं.

*

वसुधाबाई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका. काही वर्षांपूर्वी त्यांच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवरून वारं गेलं होतं. चेहरा हळूहळू सुधारला, पण नसा चुकीच्या जुळल्या. तोंड हललं की डावा डोळा मिटायचा. हसल्या तरी मिटायचा. उजवी बाजू जास्त ओढली जायची.

मला वाटलं, घरात लग्नकार्य असेल, फोटो नीट यायला हवे असतील.

"फोटोंचं काय करायचंय?" त्या म्हणाल्या. "मुलांना माझं बोलणं कळत नाही."

"पण तुम्ही तर हातांनी बोलता ना?"

"हातांनी शब्द होतात, डॉक्टर. वाक्य चेहऱ्याने होतं." त्यांनी हातांनी एक खूण केली. "हे म्हणजे 'तू जेवलास.' आता तीच खूण, भुवया वर. 'तू जेवलास?' खुणेबरोबर ओठही हलतात, आणि माझा डोळा मधेच मिटतो. मुलांना वाटतं, बाई चेष्टा करतायत. नवीन मुलं तर गप्पच बसतात. मी प्रश्न विचारलाय हे त्यांना समजतच नाही."

माझ्याकडे येणारा प्रत्येक जण चेहरा थांबवायला येतो. या बाई चेहरा चालवायला आल्या होत्या.

"डोळ्याभोवती अगदी थोडं बोटॉक्स देता येईल," मी म्हटलं. "उजव्या बाजूलाही थोडं, ओढ सारखी करायला. पण अंदाज चुकला तर भुवई उतरेल, आणि मग काही महिने वाट बघण्याशिवाय इलाज नाही."

"भुवईला धक्का लागता कामा नये."

"म्हणून थोडं थोडं देऊ. तुम्हाला पुन्हा पुन्हा यावं लागेल."

"मी त्या आजारानंतर आरशासमोर रोज भुवई उचलायचा व्यायाम केलाय. पुन्हा पुन्हा यायचं मला काय सांगता? सुई उचला."

पहिल्या वेळी फरक जेमतेम पडला. त्या तक्रार न करता परत आल्या. पुढच्या वेळी जागा जराशी बदलली. टोचण्याआधी ती दोनदा मोजून घेतली. मग दोन आठवडे मीच फोनची वाट बघत बसले.

फोन आला नाही. एका दुपारी शाळा सुटल्यावर वसुधाबाई थेट दवाखान्यात आल्या. बोलत होत्या आणि दोन्ही डोळे उघडे होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"आज वर्गात नेहमीसारखा प्रश्न विचारला. सगळ्यांचे हात वर! मागच्या बाकावर एक मुलगी बसते. जन्मापासून तिला काही ऐकू आलेलं नाही. ती उठून पुढे आली, माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि मग तिने खूण केली."

"काय म्हणाली?"

वसुधाबाईंनी ती खूण मला करून दाखवली. मला कळली नाही, तेव्हा तोंडाने सांगितली.

"बाई, आज तुमचा आवाज किती स्वच्छ येतोय!"