कळमजाईच्या उंबरावरची चप्पल

बसा, चहा घ्या, आणि आधी कबूल करा की हसणार नाही. कारण घोडेगावच्या वर, आमच्या डोंगरावरच्या कळमजाईची एक फार जुनी प्रथा आहे आणि ती मी सुरू केलीय. चुकून.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा. चैत्रातली यात्रा. काय दिवस होते राव. खाली शर्यतीच्या घाटात बैलगाडे पळायचे, वर देवळात ढोल, आणि वाटेवर गोडी शेव तळल्याचा वास. आजही कुठं तो वास आला तर मी उभा राहतो. त्या वर्षी मी दाजींच्या कोऱ्या चपला न विचारता घातल्या होत्या. अर्ध्या वाटेवरच्या उंबराखाली चपला काढून टेकलो आणि केळं सोलायला घेतलं. माकडानं केळं नेलं. वर उजवी चप्पलही नेली.

आता एका चपलेवर यात्रेत कसं फिरायचं सांगा? अनवाणी माणसाला लोक भाविक म्हणतात. एका चपलेवाल्याला काय म्हणतील? मी डावी उचलली आणि गुपचूप उंबराच्या फांदीला अडकवली.

"का रं बाबा, चप्पल का टांगली?" मागं लोणी गावची एक मावशी उभी.

माकडानं लुटलं असं कसं सांगायचं? तोंडातून निघून गेलं, "नवस हाय मावशी. एक टांगायची, एक देवीला द्यायची. वर्षात लगीन जमतं."

"असं व्हय," म्हणाली, आणि माझं नाव, गाव, शेत किती, सगळं विचारून घेतलं.

घरी दाजी चपला शोधत होते. तिथंही मी तोच नवस पुढं केला. दाजींनी शोधणं सोडलं, पण वडील उठून बसले. "पोरगं सोताच नवस बोलाय लागलं म्हंजी आता थांबून चालायचं न्हाई." पंधरा दिवसांत लोणीची मावशी भाचीचं स्थळ घेऊन दारात. माघात माझं लग्न.

झालं ना राव. नवस पावला, तोही वर्षाच्या आत. पुढच्या यात्रेला उंबरावर चार चपला होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी मी मोजायचं सोडलं. आता वनवासात भीमाची एक खडाव त्याच उंबराखाली राहिली होती, अशी कथाही लोक सांगतात. मला, हात जोडून.

वडील गेले, दाजी गेले, मी कुणाला बोललो नाही. बायकोला, सुमनला, तर कसं सांगणार? आमचं लग्न त्या उंबरानं जमवलं, असं ती शेजारणींना सांगायची.

या चैत्रात ती म्हणाली, "चला, लेकीसाठी चप्पल टांगू." आमची पोरगी पुण्यात नोकरीला, तिशी उलटली, तीन ठिकाणी बोलणी होऊन मोडली. सुमनची झोप उडालेली मी रोज बघतो. माझ्या पायात लेकीनंच घेऊन दिलेले नवे बूट.

उंबराखाली सुमन म्हणाली, "काढा डावा."

तिचा तो चेहरा बघून माझ्यानं राहवलं नाही. जिच्या लेकराचा प्रश्न, तिला थापेच्या भरवशावर कसं ठेवायचं? सगळं सांगून टाकलं. केळं, माकड, दाजी, सगळं. मान खाली घालून उभा राहिलो. वाटलं, बत्तीस-तेहतीस वर्षांचा संसार इथंच घसरला.

सुमन म्हणाली, "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"मावशीनं माकड बघितलं व्हतं. चप्पल घिऊन तिच्याच डोक्यावरनं गेलं. घरी आली नि म्हणली, पोराला धड खोटं बोलता येत न्हाई, संसाराला बरं."

म्हणजे एवढी वर्षं मी जे लपवत होतो ते सासुरवाडीत सगळ्यांना पाठ होतं.

"मग बूट कशाला टांगायचा?"

"तवा खोटं बोलून पावलं. आता खरं मनापास्नं टांगा, बघू काय व्हतंय. काढा."

काढला. टांगताना मी डोळे मिटून लेकीचं नाव घेतलं, आणि खरं सांगतो, पहिल्यांदाच तो नवस मी मनापासून बोललो. दुसरा बूट देवीपुढं ठेवला. येताना नुसत्या मोज्यांवर, तापलेल्या दगडावरनं नाचत उतरतोय. खाली फुलवाल्या आजींनी पायाकडं बघून विचारलं, "पावणं, पोरगी का पोरगं?"

"पोरगी."

"जमंल. लई जुना नवस हाय. ज्यानं पयली टांगली, त्याला लई गुणाची बायको मिळाली म्हणत्यात."

मी जरा ताठ झालो. मागून सुमननं विचारलं, "आन् बायकूला काय मिळालं वो आजी?"

आजींनी पुन्हा एकदा माझ्या मोज्यांकडं बघितलं.

"ते काय कुणी सांगत न्हाई बाई. निभावलं आसंल तिनं."